रंगाचा डबा शेवटी उघडा: जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी पुन्हा पाण्यात आणताना

जुनी होडी दारात आली की पहिला हात जातो तो रंगाच्या डब्याकडे. मीही तेच केलं होतं. तीन दिवस घासून, बाहेरून झकास निळा रंग मारून माझी पहिली होडी पाण्यात ढकलली आणि अर्ध्या तासात पायातल्या चपला तरंगायला लागल्या. नंतर तोच रंग एकेका रिव्हेटवरून (पत्रे जोडणारी, टोक ठोकून चेपलेली धातूची खिळी) खरवडताना जेवढा वेळ गेला, तेवढ्यात अख्खी दुरुस्ती झाली असती. म्हणून कामाचा क्रम आधी सांगून टाकतो: रिकामी करा, वाळवा, गळती शोधा, रिव्हेट आणि पत्रा नीट करा, मग लाकूड, मग फोम. रंग सगळ्यात शेवटी, तोही हवा असेल तरच.

हा लेख साधारण १२ ते १६ फुटी, रिव्हेट मारलेल्या उघड्या होडीबद्दल आहे. पत्रा दीड ते अडीच मिलिमीटर, आत आडव्या रिब, म्हणजे बरगड्यांसारख्या पट्ट्या, दोन-तीन बाक, आणि मागे आउटबोर्ड इंजिन लटकवायची ट्रान्समची फळी. ही रिव्हेटची पद्धत विमानांची आहे. ग्रुमन ही विमानं बांधणारी कंपनी १९४५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या, बनवायला लागली, ती हेच पत्राकाम घेऊन. त्यामुळे विमानाच्या पत्र्याचे बरेच नियम होडीलाही चालतात. त्यातला एक आत्ताच लक्षात ठेवा: पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीनं खुणा करायच्या नाहीत. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला खातं. खुणांसाठी मार्कर किंवा मेणाची पेन्सिल.

धातू कुठे मरतो

अ‍ॅल्युमिनियम नुसत्या वयानं मरत नाही. हवेत उघडं पडलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, चरा पडला तर नव्यानं धरतो, आणि आतला धातू सुरक्षित राहतो. पण पापुद्रा धरायला ऑक्सिजन लागतो. ओला फोम, कुजका गालिचा किंवा चिखल पत्र्याला महिनोन्‌महिने चिकटून बसला की तिथे पापुद्रा टिकत नाही. आधी पांढरी भुकटी दिसते, आणि भुकटी झटकली की खाली खड्डा.

दुसरा शत्रू परका धातू. तांबं, पितळ किंवा लोखंड पत्र्याला टेकलं आणि मध्ये पाणी आलं की तिथे छोटीशी बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजायचं काम अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येतं. खाऱ्या पाण्यात हे फार झपाट्यानं होतं. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी हेच दोन प्रश्न विचारत असतो: इथे पाणी अडतंय का, आणि इथे दुसरा धातू टेकतोय का?

घ्यायची की सोडायची

होडी घेण्याआधी चार गोष्टी बघा. मागे उभं राहून ट्रान्समच्या वरच्या काठावर, किंवा इंजिन लावलेलं असेल तर इंजिनाच्या डोक्यावर, अंगाचा भार टाका. फळी लवली किंवा कुरकुरली तर आतलं लाकूड गेलं. शंका असेल तर आतल्या बाजूनं ३ मिमीचं एक भोक पाडा. कोरडा पिवळसर भुगा आला तर ठीक, काळा ओलसर लगदा आला तर नवं लाकूड ठरलेलं. सडका ट्रान्सम हे होडी सोडायचं कारण मात्र नाही. बहुतेक जुन्या होड्यांत तो सडलेलाच असतो, भाव कमी करायला उपयोगी पडतो एवढंच.

होडी उलटी करून तळाच्या सरळ भागापासून ट्रान्समपर्यंत दोरी ताणा. ट्रेलरवर मागे आधार नीट नसला तर वर्षानुवर्षांत तळाला शेवटच्या मीटरभरात पोकळ बाक येतो. अशी होडी वेगात नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात खुपसत चालते आणि तो बाक घरच्या घरी काढणं जवळपास अशक्य. याच कारणानं मी एक देखणी होडी सोडून दिली, आणि अजून त्याची खंत नाही.

मग रिब जिथे पत्र्याला भेटतात ते कोपरे, ट्रान्समचे आतले कोपरे आणि बाकांची टोकं बॅटरीच्या उजेडात बघा. अ‍ॅल्युमिनियम थकतं, छोटे धक्केही लाखो वेळा बसले की भेग जाते. एखाददुसरी भेग चालेल. प्रत्येक रिबशेजारी भेग असेल, किंवा पांढऱ्या भुकटीखाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार जात असेल, तर नमस्कार करून निघायचं.

रिकामी करणं

फळ्या, गालिचा, वायरिंग, जुनी पट्टी, स्क्रू, सगळं काढा. काढण्याआधी भरपूर फोटो. स्क्रू आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर जागा लिहा. कुठला बोल्ट कुठला होता हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

बाक मात्र जपून. वरची झाकणं रिव्हेट ड्रिल करून काढता येतील, पण बाक पूर्ण उपटून कायमचे टाकून देऊ नका. मोकळी जागा मिळावी म्हणून अनेकजण मधला बाक कापतात. बाक हे नुसतं बसायचं ठिकाण नाही. तो होडीच्या दोन बाजू ताणून धरतो आणि बुडती होडी तरंगत ठेवणारा फोम त्याच्याच पोटात असतो. बाक गेला की बाजू लाटेगणिक श्वास घेतल्यासारख्या हलतात, आणि मग वर सांगितलेल्या भेगा पडतात.

आतला फोम हातात घेऊन दाबा. पाणी निघालं तर तो गेला. ओला फोम खुरप्यानं आणि पटाशीनं काढायचा, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला जवळचा रस्ता नाही. त्याखालचा पत्राच बहुधा सगळ्यात जास्त खाल्लेला निघतो. मग साबणाचं पाणी, नायलॉनचा ब्रश, स्वच्छ पाणी, आणि दोन-तीन दिवस ऊन. पोलादी ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात.

पाणी आतून भरा

गळती शोधायची सगळ्यात सोपी रीत उलटी आहे: होडी पाण्यात ठेवायची नाही, पाणी होडीत ठेवायचं. होडी ट्रेलरवर किंवा जाड फळ्यांवर नीट टेकवून, तळाचं बूच लावून, आत पाणी सोडा. थोडंच. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन झालं. ट्रेलरचा आणि तळाखालच्या आधाराचा विचार करूनच भरा. पुढचा भाग तपासायचा तेव्हा होडी पुढे झुकवा, पाणी तिकडे जाईल.

मग खाली आडवं पडायचं. बाहेरचा पत्रा आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर सगळंच ओलं दिसतं. मी हे संध्याकाळी करतो, बॅटरीचा उजेड तिरपा धरून; थेंब चमकतो. थेंब जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी सांध्याच्या आत सरकत येऊन खालच्या टोकाला गळतं. म्हणून थेंबापासून वरच्या बाजूला सरकत, पुसत, पुन्हा बघत जायचं. सापडलेल्या प्रत्येक रिव्हेटभोवती गोल: झिरपत असेल तर एक, धार असेल तर दोन. पाणी सोडून दिल्यावर हाच नकाशा उरतो. पहिल्यांदा गोल मोजाल तेव्हा घाबरू नका. तीस-चाळीस गोल ही जुन्या होडीची साधी गोष्ट आहे.

रिव्हेट

इथे सावकाश जायला हवं, कारण होडीचं खरं काम हेच आहे.

सैल झालेला रिव्हेट बहुतेक वेळा बदलावा लागत नाही, पुन्हा बसवता येतो. दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड ठोकळा दाबून धरतो. दोन-तीन किलोच्या घणाचं डोकंही चालतं. डोकं घुमटासारखं असेल तर ठोकळ्याला तसाच उथळ खळगा हवा, नाहीतर डोकं चेपतं. दुसरा आतून शेपटीवर, म्हणजे रिव्हेटच्या चेपलेल्या टोकावर, हातोडीनं ठोकतो. हवेची हातोडी असेल तर ३० ते ४० पीएसआयपासून सुरुवात करा. दाब वाढवत नेता येतो, मोडलेला पत्रा परत आणता येत नाही.

काम झालं की नाही हे कान सांगतो. सैल रिव्हेटवर पहिला घाव पडतो तेव्हा फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, त्यात मागून एक बारीक खडखड. दोन-तीन घावांत खडखड जाते. मग आवाज अचानक टणक होतो, घंटेच्या जवळ जाणारा, आणि ठोकळा धरणाऱ्याच्या मनगटाला झिणझिण्या येतात. तिथे थांबायचं. आणखी चार घाव घालायचा मोह होतो, पण त्यानं शेपटीला कडेनं भेगा जातात आणि भोवतीचा पत्रा ताणला जातो. माझा भाचा ठोकळा धरायला असला की "मामा, बस!" तोच ओरडतो, माझ्या आधी.

ज्याचं डोकं झिजलंय, शेपटी फुटलीय किंवा भोक मोठं झालंय, तो बदला. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचनं खूण करा आणि रिव्हेटच्या दांड्याएवढ्या किंवा जरा बारीक बिटानं फक्त डोक्याच्या जाडीइतकं ड्रिल करा. पंच घालून तिरपं दाबलं की टोपी सुटते. उरलेला दांडा ठोकून बाहेर काढा. थेट आरपार ड्रिल केलं तर रिव्हेट बिटाबरोबर फिरतो आणि भोक वेडंवाकडं होतं.

नवा रिव्हेट भरीव अ‍ॅल्युमिनियमचाच. होड्यांत दीड सुती, म्हणजे ३/१६ इंची, खूप सापडतो. त्याला साधारण ४.९ मिमीचं भोक लागतं. लांबीचा हिशोब सोपा: जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. १.६ मिमीचे दोन पत्रे आणि ४.८ मिमीचा रिव्हेट असेल तर ३.२ अधिक ७.२, म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या आसपास. ठोकल्यावर शेपटीची रुंदी व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी भरली, म्हणजे सुमारे ७ आणि अडीच मिमी, की बरोबर बसला. दोन-चार रिव्हेट आधी भंगार पत्र्यावर मारून हात बसवून घ्या. दांड्याला पॉलियुरेथेन सीलंट फासून घातला तर उत्तम.

जिथे आतून हातच पोचत नाही तिथे पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूनं बसवायचा. पण साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी येतं. बंद टोकाचा घ्या, आणि त्याची आतली खिळी अ‍ॅल्युमिनियमची आहे ना बघा. पोलादी खिळीचा तुकडा आत राहून गंजतो. ताकद भरीव रिव्हेटएवढी येत नाही, म्हणून कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, रांगेत मी पॉप रिव्हेट वापरत नाही.

सगळं बसवून झालं की पुन्हा पाणी भरा. आता पाच-सहा गोल उरतील. त्यांच्यावर आतून सांध्यात झिरपणारं पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) लावा. ग्लुव्हिट हे त्यातलं जुनं नाव. सैल रिव्हेटवर नुसतं इपॉक्सी फासणं म्हणजे दुखऱ्या दातावर लवंग. पत्रा हलतच राहतो आणि एका हंगामात थर तडकतो. आणि सिलिकॉन कुठेच नको. ते चिकटून राहत नाही, पण त्याचा जो तेलकट अंश मागे उरतो त्यावर नंतर ना रंग बसतो ना दुसरं सीलंट.

भेगा, भोकं, पोचे

भेगेचं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या जरा पुढेच असतं. लाल रंग आणि पांढरी पावडर फवारून भेग दाखवणारा किट मिळतो, तो वापरा. टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं की भेग पुढे सरकायची थांबते. मग आतून ५०५२ मिश्रधातूच्या, मूळ पत्र्याएवढ्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ. ते भेगेच्या चहूबाजूंनी निदान इंचभर पुढे गेलं पाहिजे आणि त्याचे कोपरे गोल हवेत. टोकदार कोपऱ्यातून नवी भेग सुरू होते. रिव्हेट कडेपासून व्यासाच्या दुप्पट आत आणि एकमेकांपासून चौपट अंतरावर. ठिगळाखाली सीलंटचा भरपूर थर.

सुईच्या टोकाएवढ्या भोकांना आणि खड्ड्यांना इपॉक्सी पुटी पुरते. जागा चकचकीत होईपर्यंत घासा, पातळ इपॉक्सी लावा आणि ते ओलं असतानाच त्याच्याखालचा धातू ८० नंबरच्या पेपरनं पुन्हा घासा. घासलेल्या उघड्या धातूला हवा लागायच्या आत इपॉक्सी चिकटतं. त्यावर पुटी.

वेल्डिंगचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. ५०५२ पत्रा टिग वेल्डिंगनं छान जुळतो, पण जुन्या रिव्हेटच्या सांध्याजवळ नको. सांध्यात अडकलेलं तेल आणि जुनं सीलंट उकळून वर येतं, जोड सच्छिद्र होतो आणि शेजारचे धड रिव्हेट उष्णतेनं सैल पडतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि तोवर दिसायला जसंच्या तसं असतं. टॉर्चनं वितळवून लावायच्या कांड्या पाण्याच्या रेषेखाली लावूच नका.

पोचे काढायला बाहेरून वाळूची पिशवी टेकवा आणि आतून लाकडी मोगरीनं कडेकडून मध्याकडे हलके ठोके द्या. साठ-सत्तर टक्के निघाला की पुरे. बोट मोटारीसारखी गुळगुळीत करायच्या नादात पत्रा कडक होऊन फाटतो.

ट्रान्सम

आधी उंची मोजा. आखूड दांड्याच्या इंजिनाला ट्रान्सम साधारण १५ इंच लागतो, लांब दांड्याच्या इंजिनाला २० इंच. मग कोपऱ्यांच्या टोप्या आणि बोल्ट काढून जुनं लाकूड शक्यतो अखंड वर ओढा. कितीही सडलं असलं तरी ते फेकू नका, तोच तुमचा नमुना. तुकडेच निघाले तर पुठ्ठ्याचा साचा कापून दोनदा आत बसवून बघा.

लाकूड कुठलं घ्यायचं यावर मी एकदा चांगलाच फसलो. टिकावं म्हणून वाळवी आणि कुजण्याविरुद्ध रसायन मुरवलेलं हिरवट प्लायवूड लावलं. तीन हंगामांनी फळी काढली तेव्हा लाकूड नव्यासारखं होतं आणि मागचा पत्रा चाळणी झाला होता. त्या रसायनात तांबं असतं. लाकूड ओलं झालं की ते पत्र्याला सोलून खातं. तेव्हा साधं मरीन प्लायवूड घ्या, बीएस १०८८ (मरीन प्लायवूडचं ब्रिटिश मानक) छापाचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. ट्रेलरच्या ज्या फळ्यांवर होडी टेकते त्यांनाही हाच नियम.

१८ मिमीचे दोन थर इपॉक्सीनं एकावर एक चिकटवा, शिकंजे लावा, रात्रभर ठेवा. मूळ जाडी जास्त असेल तर तेवढी भरून काढा; फळी पत्र्यात डुगडुगता कामा नये. मग सगळीकडून इपॉक्सीचे तीन हात. कापलेल्या कडा पाणी जास्त पितात, म्हणून इपॉक्सीही त्यांनाच जास्त पाजा. हे काम दुपार उतरताना करा. लाकूड गार होत असताना इपॉक्सी आत ओढलं जातं. सकाळी तापत्या लाकडातून हवा बाहेर येते आणि थरात बुडबुडे धरतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट बोल्टची भोकं. इपॉक्सीचा थर कितीही जाड लावा, त्यातून भोक पाडलं की कच्चं लाकूड पुन्हा उघडं. ८ मिमीच्या बोल्टसाठी १२-१३ मिमीचं भोक पाडा, मागून टेप लावून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, कडक झालं की त्याच्या मधोमध ८ मिमीचं पाडा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी आहे, पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. स्टेनलेसही अ‍ॅल्युमिनियमच्या दृष्टीनं परकाच, म्हणून त्याला दोन धातू वेगळे ठेवणारी टेफ-जेलसारखी पेस्ट आणि पत्र्याकडे नायलॉनचं वायसर. फळी पत्र्याला पूर्ण चिकटवून टाकायला बरेचजण सांगतात. मी चिकटवत नाही. वीस वर्षांनी ती पुन्हा काढायची वेळ येईल तेव्हा जो काढेल त्याचे शाप कशाला घ्या? खालची कड मात्र पत्र्यापासून थोडी उचललेली ठेवा, साचलेलं पाणी वाहून जाईल.

फोम आणि फळ्या

किती फोम लागेल याचा हिशोब करता येतो. एक लिटर बंद पेशींचा फोम पाण्यात साधारण ०.९५ किलो उचलतो. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, म्हणून बुडालेल्या १०० किलो पत्र्याचं वजन ६३ किलोच भरतं. त्यात इंजिन ४० आणि बॅटरी वगैरे २५ धरलं तर १२८ किलो, म्हणजे १३५ लिटर फोम. त्यावर काठाला धरून राहणाऱ्या माणसांसाठी भर घाला आणि २०० लिटरच्या खाली जाऊ नका. फोम बाकांत आणि बाजूंना जितका वर बसेल तितका चांगला. तळाशी भरला तर पाणी भरलेली होडी उलटी व्हायला बघते.

दाण्यादाण्याचा पांढरा थर्मोकोल पाणी पितो, तो नको. दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून बसवणं मला सगळ्यात आवडतं: खाली पट्ट्या देऊन तक्ता सेंटिमीटरभर उचलला की पाणी वाहतं राहतं, आणि बाक उघडला तर फोम सरळ बाहेर काढता येतो. त्याला पेट्रोल लागू देऊ नका, विरघळतो. ओतायचा पॉलियुरेथेन फोम पेट्रोलला दाद देत नाही, पण फुगताना बाकाचा पत्रा बाहेर ढकलतो आणि कोपऱ्यात पाणी अडकवतो. ओतायचाच असेल तर थोडा थोडा.

तळाच्या फळीला १२ मिमी प्लायवूड पुरतं, त्यालाही इपॉक्सी. गालिचा नको. का ते तुम्ही जुना गालिचा काढताना वासानं ओळखलंच असेल. उंच डेक बांधायची इच्छा झाली तर लक्षात घ्या, वजन वर गेलं की होडी डुलते. किती माणसं बसावीत याचा २० फुटांखालच्या होडीसाठी ढोबळ हिशोब: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५.

आता रंग

गोड्या पाण्यात चालणाऱ्या आणि ट्रेलरवर ठेवायच्या होडीला रंगाची गरज नाही. आतून तर मी कधीच देत नाही. उघड्या पत्र्यावर नवी भेग लगेच दिसते. हौस असेल तर जरूर द्या, पण तयारीत कसूर नको.

जुना रंग काढायला अ‍ॅल्युमिनियमला चालणारंच रिमूव्हर. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही पत्र्याला विरघळवतं आणि वर हायड्रोजन सोडतं. वाळूचा मारा पातळ पत्रा वाकवतो. रंगाखाली पिवळट-हिरवा थर दिसला तर ते झिंक क्रोमेट असू शकतं. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते. कोरडं घासू नका, ओला पेपर वापरा, चांगल्या प्रतीचा मास्क लावा आणि निघालेला गाळ गटारात सोडू नका.

८० नंबरनं सुरू करून १५०-१८० पर्यंत घासा. मग पत्र्यावर पाणी ओता. सलग चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. मणी होऊन तुटलं तर तेलकट अंश आहे, पुन्हा धुवा. वाळला की शक्यतो तासाभरात अस्तर द्या, कारण ऑक्साइडचा पापुद्रा तुमच्यासाठी थांबत नाही. अस्तर एकतर पत्र्याला चावणारं एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर. एकावर एक दोन्ही देऊ नका, बनवणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं असेल तरच द्या.

वरचा रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन टिकतो छान, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे तो फवारायला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरी रोलर आणि ब्रशच. एकानं रोलर फिरवायचा, दुसऱ्यानं लगेच कोरड्या ब्रशचं टोक अलगद ओढत जायचं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. तळाला शेवाळाविरुद्ध तांब्याचा रंग कधीच नाही. होडी सतत पाण्यात राहणार असेल तर अ‍ॅल्युमिनियमसाठीचा, तांबं नसलेला रंग शोधा.

वायर आणि पहिली फेरी

होडीचा पत्रा कधीही निगेटिव्ह वायर म्हणून वापरू नका. मोटारीत चालतं, इथे गळका प्रवाह पत्रा पोखरतो. दोन्ही वायर कल्हई केलेल्या तांब्याच्या, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. झिजण्यासाठी मुद्दाम लावायचा अ‍ॅनोड गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, खाऱ्यात झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. बुचाची जुनी नळी पितळेची असेल तर काढून अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची बसवा.

पहिल्या दिवशी काठाजवळच राहा. अर्धा तास नुसती तरंगू द्या, मग हळू, मग थोड्या लाटेवर. बाहेर काढली की बूच उघडून किती पाणी निघतं ते भांड्यात मोजा. तांब्याभर निघालं तर वाईट नाही; बादलीभर असेल तर मेणाची पेन्सिल पुन्हा हातात घ्या. आठवड्यानं ट्रान्समचे बोल्ट एकदा आवळा. प्रत्येक फेरीनंतर तळ धुवा आणि रिबांच्या फटींत हात घाला. शिशाचं वजन, गळाचा हूक, खिशातून पडलेलं नाणं तिथेच जाऊन बसतं, आणि ओल्या पत्र्यावर एक तांब्याचं नाणं हंगामभर राहिलं तर तेवढ्या आकाराचा खड्डा पाडून ठेवतं. दुसरं बूच दोरीनं इंजिनाच्या किल्लीलाच बांधून टाका. पहिलं तुम्ही कधीतरी घरी विसरणार आहात.